खालच्या शेतातलं बेणं

ग्लेनफर्न, प्रिन्स एडवर्ड बेट
१२ ऑक्टोबर १९७१

प्रिय हेस्टरताई,

आधी चांगली बातमी, म्हणजे पाकीट फोडताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. बटाटे निघाले. चौदाच्या चौदा एकर, आणि एका दिवसात.

सप्टेंबरात तुम्ही बॉस्टनला परत निघालात तेव्हा मी फाटकाशी 'होईल काहीतरी' म्हटलं, ते निव्वळ तोंडदेखलं होतं. तुमच्या भावाची उजवी बाजू लुळी, वाचा बंद, आणि पीक जमिनीत. मी एकटी काय दिवे लावणार होते? पहिलं हिव पडलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, यंदा सगळं आहे तिथेच कुजणार. तर शुक्रवारी संध्याकाळी डंकन बीटन टोपी हातात घेऊन दारात उभा. आमचा बांध त्याच्या बांधाला लागून, पण तीस वर्षांत मी त्याला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलेलं नाही. म्हणाला, उद्या आम्ही सगळे येतोय, जेवणाचं इझाबेल बघेल, तू फक्त चहा ठेव.

आणि शनिवारी आमच्या शेतावर इर्जिक झाली. सहा घरं, सहा ट्रॅक्टर, प्रत्येकामागे काढणी यंत्र, आणि टोपल्या घेतलेली साठ माणसं. पर्सी डॉकेनडॉर्फसुद्धा आला, जो कुणाला खिळा उसना देत नाही. त्याचे स्वतःचे बारा एकर अजून जमिनीत आहेत. सगळ्यांचंच पीक बाहेर आहे. ते हिवाच्या तोंडी ठेवून ही माणसं आमचं काढायला आली.

ओढ्याकाठच्या खालच्या शेताचं काय करायचं, असं डंकननं विचारलं. लॉर्न ऑगस्टात, वाचा जायच्या आधी, म्हणत होता की खालचं शेवटी बघू, त्यात कुणी पाय ठेवू नका. मी काय तुमच्या भावाला ओळखत नाही? जे सगळ्यात चांगलं ते सगळ्यात शेवटी, आणि तोवर कुणाला दाखवायचं नाही. मी डंकनला म्हटलं, तेच आधी काढा, ते त्याचं लाडकं आहे.

त्या वेळी तुम्ही लॉर्नचा चेहरा बघायला हवा होता. मी त्याची खुर्ची खिडकीशी ओढून ठेवली होती. यंत्रं खालच्या शेतात वळली आणि त्याचा डावा हात काचेवर आपटायला लागला. डोळ्यांना धारा. तुमचे बाबा गेले तेव्हा ज्यानं टिपूस काढलं नाही, तो माणूस हुंदके देत होता. बाहेरून लोकांनी टोप्या हलवल्या, मी त्याचा हात धरून उलट हलवला. डंकन खिडकीखाली येऊन म्हणाला, "पुरे रे लॉर्न, आभार कसले मानतोस, तूही हेच केलं असतंस." तेव्हा तो खुर्चीतून खाली यायचाच बाकी होता. मलाही रडू आवरेना.

खालच्या शेतातले बटाटे दृष्ट लागावी असे निघाले. एकसारखे, तुकतुकीत. मदतीला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही ही तुमच्याच घरची रीत, म्हणून मी प्रत्येक घराला दोन-दोन पोती दिली. खायचे बटाटे नाहीत दिले, बेण्याचे निवडून दिले. आपल्या मर्चिसन घराण्याचं बेणं गावात आजवर कुणाला फुकट मिळालं होतं? पर्सीनं तर पोतं तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून नेलं. रविवारी चर्चमध्ये सुगीची प्रार्थना झाली, तेव्हा सगळ्यांच्या भोपळ्या-सलगमांच्या मधोमध आमची टोपली होती. मी आयुष्यात इतक्या मनापासून कधी देवाचे आभार मानले नव्हते.

आज सगळे आपापल्या शेतात आहेत. तीच यंत्रं, त्याच टोपल्या, यंत्रांची माती झाडायलासुद्धा कुणाला उसंत नाही. देवानं आठ दिवस हवा धरून ठेवावी एवढंच.

लॉर्नला चार ओळी लिहा. तुमचं पत्र आलं की त्याची मान वर होते.

तुमची,
एफी

डॉर्चेस्टर, बॉस्टन
१८ ऑक्टोबर १९७१

प्रिय एफी,

पत्र काल मिळालं. शेजाऱ्यांनी केलं ते थोर केलं.

खालचं शेत काढायला नको होतं. लॉर्ननं तुला इतकं स्पष्ट सांगितलं असताना तू स्वतःचं डोकं कशाला चालवलंस? असो, झालं ते झालं.

आता दोन गोष्टी कर. दिलेली पोती परत मागून घे. सांग, की ते बेणं आधीच कुणाला कबूल केलेलं होतं आणि तुला ठाऊक नव्हतं. बदल्यात वरच्या शेतातले खायचे बटाटे दे. दुसरं म्हणजे, आपापल्या शेतात जाण्याआधी त्या लोकांनी यंत्रं धुतली होती का ते विचार. नसतील धुतली तर गरम पाण्यात मोरचूद घालून धुवायला सांग. टोपल्यासुद्धा. कारण विचारलं तर सांग, चांगली सवय आहे.

सोबतचं बंद पाकीट लॉर्नचं आहे. तू फोडून वाचू नकोस. त्याच्यापुढे उघडून धर, त्याला कदाचित वाचता येत असेल.

हेस्टर

ग्लेनफर्न
२६ ऑक्टोबर १९७१

प्रिय हेस्टरताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचलं तर ते चुलीत जाईल, म्हणून आत्ताच उत्तर लिहायला बसले आहे.

दिलेलं परत मागू? बारा पोत्यांत तुमचा जीव अडकला? पस्तीस वर्षं शहरात राहून नाकानं कांदे सोलायची सवय लागते हे मला माहीत होतं, पण आपलं पीक उघड्यावर टाकून आलेल्या माणसांच्या दारात जाऊन मी 'माझे बटाटे द्या' म्हणावं, हे तुम्हाला सुचलं तरी कसं? आणि वर म्हणे यंत्रं धुवा. घरी आलेल्या पाहुण्याला तुझे पाय घाण आहेत म्हणून सांगण्यातला प्रकार. मी कुणाला काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तसंही आता सगळ्यांची काढणी झाली. पर्सीची शनिवारी आटोपली आणि रविवारी जमीन गोठली. एवढं थोडक्यात वाचलं.

लॉर्नला तुमचं पाकीट दाखवलं. मी मान दुसरीकडे वळवून त्याच्यापुढे कागद धरला, तुमचा शब्द मोडला नाही. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग डाव्या हातानं तो कागद माझ्याकडे ढकलायला लागला. मी परत पुढे ठेवला की परत ढकलायचा. शेवटी मला कळलं की त्याला तो सांभाळून ठेवायला हवाय. घडी घालून कपाटाच्या खणात ठेवून दिला, किल्ली माझ्या गळ्यात आहे.

त्याची तब्येत मात्र मला बरी दिसत नाही. परवा मी चुलीपाशी असताना त्यानं टेबलावरची सुरी उचलली, टोपलीतला कच्चा बटाटा ओढला आणि डाव्या हातानं कापायला लागला. अंगठा चांगलाच कापला. मी सुरी काढून घेतली तर त्यानं टेबलावर डोकं आपटलं. डॉक्टर म्हणतात की मेंदूला मार बसला की माणूस असं निरर्थक करतो. आता घरातल्या सगळ्या सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत.

तुमच्या भावासाठी लोकांनी एवढं केलं, तर दोन शब्द गोड लिहायचे होते.

एफी

बॉस्टन
२ नोव्हेंबर १९७१

एफी,

तू मला शिव्या घातल्यास ते बरोबरच केलंस, फक्त कारण चुकलं. हे पत्र बसून वाच. लॉर्नजवळ बसून वाचू नकोस.

ऑगस्टच्या विसाव्या तारखेला मला त्याचं पत्र आलं. खालच्या शेतात त्याला वेल माना टाकलेले दिसले. त्यानं उपटून बटाटे कापले. बांगडी रोग आहे. आपल्या घरात हा शब्द कधी उच्चारला गेला नाही, कारण बाबांनी चाळीस वर्षं बेणं विकलं ते 'मर्चिसनांकडे रोग नाही' या एका वाक्यावर. वरून बटाटा धडधाकट दिसतो. कापला की सालीखाली पिवळी कड, आणि दाबलं की त्यातून पुवासारखा चीक येतो. खाणाऱ्याला काही होत नाही. पण तो चीक सुरीला लागतो, यंत्राला लागतो, पोत्याला लागतो, वाळला तरी मरत नाही, आणि जिथे जाईल तिथलं सगळं बेणं बाद होतं.

लॉर्ननं लिहिलं होतं, 'मी डंकनला आणि बेण्याच्या सरकारी तपासनिसाला सांगणार आहे, तुला काय वाटतं?' त्यानं मला विचारायलाच नको होतं. पण बाबा गेल्यापासून तो विचारतो. मी उलट टपालानं लिहिलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. खालचं शेत काढूच नकोस, हिवात कुजू दे, पुढची दोन वर्षं ओट पेर, कुणाला कळायचं कारण नाही. आणि एफीला सांगू नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. असंच लिहिलं मी, तेही तुला कळू दे.

त्यानं माझं ऐकलं. बारा दिवसांनी त्याची वाचा गेली.

मी सप्टेंबरात आले तेव्हा त्या शेताच्या कडेला उभी राहिले होते. तू म्हणालीस, हवा खायला गेलात का. मी हो म्हणाले.

तेव्हा तो खिडकीत आभार मानत नव्हता, एफी. तो त्यांना थांबवत होता.

आता एकच उपाय शिल्लक आहे. सगळ्यांना सांग. त्या सहा घरांचं यंदाचं पीक खायला म्हणून विकलं तर अजून निभावेल. पण मे महिन्यात त्यांनी त्यातलंच बेणं कापून लावलं तर त्यांच्यापैकी कुणाच्याच शेतात काही उरणार नाही. आधी डंकनकडे जा.

मला क्षमा कर असं लिहायला हात होत नाही.

हेस्टर

ग्लेनफर्न
२० नोव्हेंबर १९७१

हेस्टरताई,

अठरा दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते टपालात टाकण्यासारखं नसतं.

वरच्या फळीवरची सुरी काढून मी तळघरात गेले. खालच्या शेतातले दहा बटाटे कापले. तिनांत निघालं. मग खण उघडून त्याला लिहिलेलं तुमचं पत्रही वाचलं. 'एफी पोती परत आणेल, तू काळजी करू नकोस.' म्हणजे लॉर्न तो कागद सांभाळायला देत नव्हता, मला वाच म्हणत होता. आणि मी किल्ली गळ्यात घालून फिरत होते.

कापलेला अर्धा बटाटा मी त्याच्यापुढे ठेवला. विचारलं, हेच सांगत होतास ना? त्यानं डोळे मिटले आणि किती वेळ उघडलेच नाहीत. त्या दिवसापासून तो खिडकीकडे तोंड करून बसत नाही. मी खुर्ची फिरवून ठेवली आहे.

ताई, तुम्ही दोघांनी एकमेकांच्या भरवशावर तोंड मिटलंत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणता, पण तोच तीळ ऑगस्टात माझ्या तोंडात टाकला असतात तर संध्याकाळपर्यंत गावभर झाला असता आणि सगळी वाचली असती. आता मात्र बोलण्याचं काम माझ्याकडे आलं.

गेले होते मी बीटनांकडे. इझाबेल सफरचंदाची पाई लाटत होती. अर्धी आमच्यासाठीच. तिनं मला तळघर दाखवायला नेलं, नवी फळी ठोकलीय म्हणून. आमची दोन पोती त्यांच्या बेण्यापासून दूर, एका कोपऱ्यात, ताडपत्रीवर ठेवलेली. देव्हाऱ्यात ठेवावं तशी. माझ्या घशात शब्द आला होता. तेवढ्यात ती म्हणाली की डंकन उद्या तुमच्याकडे लाकडं टाकायला येणार आहे. मी चहा प्यायले आणि घरी आले. लाकडं आली, डंकन सरपण फोडून रचूनसुद्धा गेला. पर्सीनं कोंबडी पाठवली. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, आणि मारणाऱ्याला वाटतंय तो पाठीवर हात फिरवतोय.

मला सांगवत नाही. तुम्ही नर्स होतात, तुम्ही अशा गोष्टी सांगितल्या असतील. कसं सांगायचं ते लिहा.

एफी

बॉस्टन
२७ नोव्हेंबर १९७१

प्रिय एफी,

गुरुवारी इथली सुगीची मेजवानी झाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी प्रत्येकानं आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं, अशी त्यांच्याकडे पद्धत आहे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, तब्येतीबद्दल.

तुझं पत्र आल्यापासून मी विचार करते आहे. मागच्या खेपेला मी घाई केली असेल. दहांतल्या तिनांत निघालं म्हणतेस, म्हणजे सातांत नाही. दिलेल्या पोत्यांत कदाचित तसलेच गेले असतील. यंत्रं इतक्या मातीतून फिरली, तीच घासून साफ झाली असतील. आणि हिवाळा तुझ्यापुढे आहे. लॉर्नला कूस बदलायला दोन माणसं लागतात. बर्फात रस्ता कोण काढणार, डॉक्टरला कोण आणणार? सांगून त्यांचं बरं होईलच असं नाही, पण तुझं वाईट नक्की होईल. मी इस्पितळात तीस वर्षं पाहिलं, खरं ऐकून कुणी बरं झालेलं मला आठवत नाही.

तेव्हा सध्या राहू दे. एप्रिलात बघू. तोपर्यंत मीच तिकडे येऊन काहीतरी मार्ग काढीन.

हेस्टर

ग्लेनफर्न
८ डिसेंबर १९७१

हेस्टरताई,

तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा कळलं की ऑगस्टमधलं पत्र कसं असेल. असंच असेल. शहाणं, मायेचं, आणि प्रत्येक वाक्य पटणारं. लॉर्न बिचारा त्यातच अडकला. मी तुमचं हे पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटाला आले तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दोन दिवस बोटं उमटलेली होती. या वेळी त्याला काय म्हणायचंय हे मी चुकीचं समजले नाही.

भीड भिकेची बहीण. दुसऱ्या दिवशी सकाळीच बीटनांकडे गेले, चहाला नको म्हटलं, बसलेसुद्धा नाही. डंकन बूट चढवत होता. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऑगस्ट, तुमचं पत्र, खिडकी, पोती. मी बोलत असताना इझाबेलनं पिठाचे हात पुसले नाहीत, तशीच उभी राहिली.

डंकन दुसऱ्या बुटाची नाडी बांधत म्हणाला, "मला ठाऊक आहे, एफी."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. तर म्हणाला, इर्जिकीच्या दिवशीच दुपारी यंत्राच्या पात्यात अडकलेला अर्धा बटाटा काढला, तेव्हा दिसलं. दाबून पाहिला. त्याच संध्याकाळी त्यानं आपलं यंत्र मोरचुदानं धुतलं, टोपल्या जाळल्या. आमची दोन पोती बेण्यापासून दूर ताडपत्रीवर का होती तेही मला तिथेच कळलं. त्यांच्याकडचं बेणं स्वच्छ आहे.

मी विचारलं, "आणि बाकीचे पाच?"

"ते लॉर्ननं सांगायचं होतं," तो म्हणाला. "त्याच्या दारात, तो तसा रडत असताना, मी कुठल्या तोंडानं सांगू? बटाटा पाहिल्यावर मला वाटलं तो शरमेनं रडतोय."

बघा ताई, सगळे किती चांगले. तुम्ही बाबांच्या नावासाठी गप्प, लॉर्न तुमच्यासाठी, डंकन लॉर्नसाठी, मी इझाबेलच्या पाईसाठी. आणि या सगळ्या चांगुलपणात पाच घरांचं बेणं गेलं.

डंकननं मला ट्रकमधून त्या पाचही घरी नेलं. स्वतः मात्र एकाही दारात उतरला नाही, इंजिन चालू ठेवून बसून राहिला. दोन घरांत बायका रडल्या. एका घरी दार लावून घेतलं. पर्सीनं सगळं ऐकून घेतलं, आत गेला, आमची दोन्ही पोती आणून माझ्या पायाशी ठेवली. म्हणाला, "मी माझे बारा एकर टाकून तुझ्याकडे आलो होतो, एफी." बस, एवढंच. मग बाहेर पाहून म्हणाला, डंकन उतरत का नाही? मी म्हटलं, त्यानं मला आणलंय. त्याचं त्यानं सांगावं. माझ्याच्यानं दुसऱ्याचं आता उचलवत नाही.

तपासनीस सोमवारी येतोय. तुम्ही येऊ नका. काही मार्ग काढू नका.

एफी

बॉस्टन
१० एप्रिल १९७२

एफी,

तार मिळाली. लॉर्न सुटला असं लोक म्हणतील, मला तसं म्हणवत नाही. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी त्याला शाळेत हात धरून नेलेलं आहे.

मला दम्यानं घेरलंय आणि खाडीवर अजून बर्फाचे तुकडे तरंगताहेत, फेरीबोटीचा भरवसा नाही. बुधवारी मी इथल्या चर्चमध्ये जाऊन बसेन. तू हिवाळाभर एका ओळीनंही उत्तर दिलं नाहीस, त्याची मी तक्रार करत नाही. सगळं कसं पार पडलं तेवढं मात्र कळव. कोण आलं होतं ते लिही.

हेस्टर

ग्लेनफर्न
१८ एप्रिल १९७२

हेस्टरताई,

फेरीबोट चालू होती. मी विचारलं होतं.

तरी तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. रविवारी पहाटे तो झोपेतच गेला. शेवटचे दोन महिने शांत होता. खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवून घेतली होती, मला खूण करून. खालच्या शेतावर बर्फ होतं, ते बघत बसायचा.

हिवाळा कसा गेला ते विचारू नका. पाचही घरांची नावं बेणं विकणाऱ्यांच्या सरकारी यादीतून काढली. सगळं पीक खायचं म्हणून गेलं, पडेल त्या भावानं. दोघांनी जमीन विकायला काढली आहे. डंकनचं बेणं पास झालं तेव्हा लोकांनी काय ते ताडलं. त्याला कुणी काही बोलत नाही, पण चर्चमध्ये बीटनांच्या मागच्या बाकावर पर्सी बसायचा, तो आता पलीकडे बसतो. माझ्याकडे लाकडं येत राहिली, पण ट्रक फाटकाशी थांबायचा, आणि टाकणारा आत येत नसे. त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या अंगणातली माती त्यांना चाकाला नको होती.

बुधवारी मला वाटलं, पाद्रीबाबा आणि मी, दोघंच असणार. पण सगळे आले. ज्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं होतं तेसुद्धा. पर्सी माझ्याशी बोलला नाही, पण पेटीचा एक कोपरा त्यानं धरला, आणि समोरचा डंकननं. मोहरीची लोणची, बिस्किटं, भाजलेली कोंबडी, टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नाही. लोक लॉर्नबद्दल चांगलं बोलले. कुणी बटाट्यांचं नाव काढलं नाही. मी प्रत्येकाच्या कपात चहा ओतत होते आणि मला ऑक्टोबरातल्यासारखंच वाटत होतं, की या माणसांचे उपकार कशानं फेडू.

अंगणात घोट्याएवढा चिखल आहे. तीन आठवड्यांत सगळे विकतचं नवं बेणं लावणार आहेत, उसनवारी करून आणलेलं. म्हणून मी सकाळीच फाटकाच्या मधोमध पसरट टब ठेवला होता. गरम पाणी, त्यात मोरचूद. मला कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना इझाबेल सगळ्यांच्या पुढे होती. काळे, चांगले बूट घातलेले. तिनं टब पाहिला आणि बाजूनं चिखलातून वळसा घालून निघाली. म्हणाली, "राहू दे गं एफी. आजच्या दिवशी कशाला?"

मी तिचं कोपर धरलं.

"पाय बुडव, इझाबेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग स्कर्ट वर धरून दोन्ही पाय त्या निळ्या पाण्यात ठेवले. मागे सगळे रांगेत थांबले, डंकन, पर्सी, सगळे, टोप्या हातात घेऊन. मी किटली घेऊन उभी होते. एकेकाचे बूट घोट्यापर्यंत भिजले की मगच मी त्याचा हात हातात घेत होते आणि आभार मानत होते.

एफी